हेलिकॉप्टरचा हाका

हेलिकॉप्टर म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? पुढाऱ्यांची सभा, पूरग्रस्तांना वरून टाकलेली जेवणाची पाकिटं, नाहीतर पिक्चरचा क्लायमॅक्स. पण गुराख्याने गुरं हाकावीत तशी हेलिकॉप्टरने रानटी जनावरं हाकतात, आणि तेही सरकारी खर्चाने, हे आपल्यापैकी कितीजणांना माहीत आहे? अमेरिकेत रानटी घोडे असे पकडण्याचं काम जवळजवळ ५० वर्षं चालू आहे. आपल्या देशात हा प्रयोग पहिल्यांदा झाला तो ऑक्टोबर २०२५ मध्ये, दिवाळीच्या दिवसांत, मध्य प्रदेशातल्या शाजापूर जिल्ह्यात. तिथे घोडे नव्हते, काळवीट आणि नीलगाई होत्या (आपल्या होस्टेलमधली विदर्भाची मुलं तिला रोही म्हणतात). माझं आजोळ त्याच जिल्ह्यात, शुजालपूरला. हा भाग पूर्वी ग्वाल्हेरच्या शिंद्यांचा, त्यामुळे तिथे मराठी घरं अजून आहेत. सुट्टीत तिकडे गेलो होतो म्हणून या प्रकाराचा थोडा भाग लांबून का होईना, बघायला मिळाला. मग परत आल्यावर त्यावर बरंच वाचलं. त्यातलं जे समजलं ते इथे लिहितो.

आधी प्रॉब्लेम काय आहे ते बघू. शाजापूर जिल्ह्यात जंगल जवळजवळ नाहीच. जिकडे बघाल तिकडे काळी जमीन, पावसाळ्यात सोयाबीन आणि हिवाळ्यात गहू-हरभरा. पण काळवीट हा दाट जंगलातला प्राणीच नाही, त्याला उघडं माळरान लागतं. माळरानाचं शेत झालं आणि काळवीट तिथेच राहिला. आता त्याला गवताऐवजी कोवळा हरभरा मिळतो, मग तो कशाला जाईल? कळपच्या कळप रात्री शेतात उतरतात. खातात ते वेगळं, तुडवतात ते वेगळं. काळवीट मारायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सक्त बंदी आहे (एका हिरोच्या केसमुळे हे आता शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे). शेतकरी करतात काय? रात्रीची राखण, फटाके, बुजगावणी आणि शेताभोवती जुन्या साड्या बांधणं. साड्यांचं हे कुंपण लक्षात ठेवा, कारण पुढे ते परत येणार आहे.

जनावर मारायचं नाही आणि ठेवायचंही नाही, तर उरतो एकच मार्ग. पकडून दुसरीकडे सोडणं. एखादा वाघ किंवा गवा असेल तर बेशुद्धीचं इंजेक्शन बंदुकीने मारता येतं. पण शेकडो हरणांना एकेक करून इंजेक्शन कोण मारत बसणार? आणि पहिल्याला मारलं की बाकीची पसार! काळवीट ताशी ८० किलोमीटरपर्यंत पळू शकतो. विरार फास्टसुद्धा रोज एवढा वेग घेत असेल असं मला वाटत नाही.

इथे कामाला येते ती बोमा नावाची पद्धत. बोमा हा स्वाहिली भाषेतला शब्द, अर्थ साधारण आपला कोंडवाडा. जमिनीवर एक प्रचंड मोठं नरसाळं उभं करायचं. तोंड काहीशे मीटर रुंद, दोन्ही बाजूंना उंच कापडाच्या भिंती, आणि त्या भिंती हळूहळू जवळ येत शेवटी एका अरुंद बोळात संपतात. बोळाच्या टोकाला उतरंड आणि उतरंडीला लागून ट्रक. मधे ठिकठिकाणी पडदे असतात. जनावरं एका टप्प्याच्या पुढे गेली की लपून बसलेली माणसं पडदा ओढून मागची वाट बंद करतात. संध्याकाळी साडेसहाला वसई रोड स्टेशनच्या पुलावर ज्यांनी उतरून बघितलंय त्यांना हे डिझाईन वेगळं समजावून सांगायला नको. प्लॅटफॉर्मवर आपण मोकळे असतो, जिन्यापाशी थोडे दाबले जातो आणि पुलावर पोचल्यावर मागे फिरायचा विचारही करता येत नाही.

पण कापडाची भिंत? काळवीट उड्या मारण्यात एक नंबर, तो ती फाडून किंवा उडी मारून का जात नाही? याचं उत्तर १९६० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात यान उलोफसा नावाच्या माणसाने शोधलं. त्याआधी जाळी लावून जनावरं पकडायचे. जाळीच्या पलीकडचं दिसतं, म्हणून जनावर जोरात त्यावर आदळायचं आणि मान मोडून घ्यायचं. उलोफसाने जाळीऐवजी आरपार न दिसणारं प्लास्टिकचं कापड लावलं. पलीकडचं दिसत नसलं की हरणाच्या दृष्टीने ती पक्की भिंत. तिला ते धडक देत नाही, तिच्या कडेकडेने पळत राहतं. म्हणजे मटेरियलची ताकद शून्य, सगळं काम नजरेच्या फसवणुकीवर! आपले शेतकरी साड्या बांधतात त्यामागे थोडंफार हेच गणित आहे. फक्त त्यांना त्याचं पेटंट वगैरे घ्यायचं सुचलं नाही, एवढंच.

आता हेलिकॉप्टर. शाजापूरला वापरलं ते रॉबिन्सन-४४, चार सीटचं, पिस्टन इंजिनवर चालणारं, वजनाला एखाद्या छोट्या मोटारीइतकं. याच्याऐवजी जीप घेतल्या तर त्या नांगरलेल्या शेतात अडकतात, शिवाय त्यांना जनावराच्या वेगाने वळता येत नाही. हेलिकॉप्टर थांबू शकतं, आडवं सरकू शकतं, मागे येऊ शकतं. पण खरं कौशल्य जवळ जाण्यात नाही, लांब राहण्यात आहे. प्रत्येक कळपाभोवती एक अदृश्य वर्तुळ असतं. तुम्ही त्याच्या बाहेर असाल तर जनावर नुसतं मान वर करून बघतं, आत शिरलात की पळतं. याला फ्लाईट झोन म्हणतात. पायलट या वर्तुळाच्या कडेवर राहतो. थोडा आत गेला की कळप पुढे सरकतो, थोडा मागे आला की त्यांना दम घ्यायला मिळतो. खांद्याच्या मागून दाब दिला तर जनावर पुढे जातं, खांद्याच्या पुढून दिला तर मागे वळतं. धनगर आपली काठी नेमकी याच हिशोबाने धरतो. नरसाळ्याच्या तोंडाशी पोचेपर्यंत सगळं हळू, आणि एकदा आत शिरले की शेवटच्या मिनिटाला हेलिकॉप्टर एकदम खाली येऊन मागून दाब देतं, म्हणजे विचार करायला वेळच मिळत नाही.

तसं बघितलं तर यात नवीन फक्त पंखा आहे. हाका आपल्याला जुनाच. म्हैसूरच्या जंगलात हत्ती पकडायला खेडा करायचे, तेव्हा शेकडो माणसं ढोल, मशाली आणि पाळीव हत्ती घेऊन रानटी कळपाला असंच लाकडी ओंडक्यांच्या कोंडवाड्यात हाकत न्यायची. काकनकोटेला शेवटचा खेडा १९७१ मध्ये झाला. अर्थात प्रत्येक जनावराला हाका चालत नाही. २०२४ च्या मार्चअखेर आपल्या वसई किल्ल्यात बिबट्या आला होता ते सीनियर्सना आठवत असेल. एकटा राहणारा, रात्री फिरणारा, झाडीत दडणारा प्राणी. त्याला हाकणार कोण आणि कुठे? तिथे पिंजरे आणि कॅमेरे लावून वाट बघण्याखेरीज उपाय नव्हता, आणि तो सापडायला जवळजवळ २५ दिवस गेले. हाक्याला कळप लागतो. कळपाची सवयच त्याला कोंडवाड्यात घेऊन जाते.

आम्ही बघितलं ते असं. कालापीपलच्या बाजूला हेलिकॉप्टर येणार अशी बातमी सगळ्या गावांत होती. मामेभावाच्या बाईकवर सकाळी निघालो. बांधाच्या रस्त्यावर आधीच पंचवीस-तीस लोक उभे. वनखात्याच्या माणसाने सगळ्यांना तिथेच अडवलं, आवाज करू नका आणि पुढे जाऊ नका म्हणाला. माणसं दिसली तर कळप भलतीकडे वळेल, हे कारण मला पटलं. आमच्यापासून खूप लांब, सोयाबीन काढून मोकळ्या झालेल्या शेतांवर एक ठिपका घिरट्या घालत होता. आवाज कधी यायचा, कधी वाऱ्याने बंद व्हायचा. त्याच्या खाली धुळीची एक बारीक रेघ. मामेभावाने दाखवलं तेव्हा कळलं की ती रेघ म्हणजे हरणं आहेत. पळता पळता मधेच दोन-चार जण उंच उड्या मारायचे, त्यामुळे रेघ उकळल्यासारखी दिसायची. एकदा ती रेघ फुटली, अर्धी डावीकडे गेली. हेलिकॉप्टर आडवं सरकून त्यांच्या पुढे गेलं, ती परत वळली. मग सगळी एका हिरव्या पट्ट्याच्या मागे गेली आणि दिसेनाशी झाली. तो पट्टा म्हणजेच बोमाचं कापड. हेलिकॉप्टर वर उठलं आणि निघून गेलं. सगळा खेळ दहा-बारा मिनिटांचा.

बघणाऱ्यांत टाळ्या वगैरे कोणी वाजवल्या नाहीत. एक म्हातारे बाबा हात जोडून उभे होते. एका शेतकऱ्याने विचारलं, पुन्हा नाही ना येणार? पण त्या हिरव्या पट्ट्याच्या मागे काय झालं, किती पकडले, एखादं पडलं का, यातलं काहीही आमच्यापैकी एकालाही दिसलं नाही. संध्याकाळी मामांना सांगितलं तर ते म्हणाले, "अरे, आम्हाला हरणाचा राग नाही रे. पण रात्री दोनला थंडीत टॉर्च घेऊन उभं राहायला तुझ्या सरकारला सांग एकदा."

पट्ट्याच्या मागे काय होतं ते समजून घ्यायला थोडं बायॉलॉजी लागतं. पळणारा प्राणी पकडताना सगळ्यात मोठी भीती इजेची नसते, ती असते कॅप्चर मायोपथीची. जनावर जीव तोडून पळतं, स्नायूंत लॅक्टिक ॲसिड साठतं, अंगाचं तापमान भयंकर वाढतं आणि स्नायूंच्या पेशी फुटायला लागतात. त्यातून निघालेली प्रथिनं रक्तात मिसळून किडनी बंद पाडतात. गंमत नाही, पण विचित्र गोष्ट अशी की जनावर त्या वेळी ठणठणीत दिसतं आणि दोन-चार दिवसांनी, कधी त्याहून उशिरा मरतं. म्हणून हाका थंड वेळेला, कमी अंतराचा आणि कमी मिनिटांचा हवा. आत घेतल्यावर अंधार आणि शांतता हवी. शिंगवाले नर एकमेकांना भोसकतात म्हणून त्यांना वेगळं ठेवतात. आफ्रिकेत तर प्रवासात शिंगांवर पाईपचे तुकडे बसवतात. किती पकडले हा आकडा त्याच संध्याकाळी सांगता येतो, पण किती जगले हा आकडा कित्येक दिवसांनीच सांगता येतो.

शाजापूरचा पहिला आकडा असा: दक्षिण आफ्रिकेहून आलेले १५ तज्ज्ञ, साधारण दहा दिवसांचं काम, ८४६ काळवीट आणि ६७ नीलगाई. एकूण ९१३, एकालाही बेशुद्ध न करता. त्यांना गांधीसागर, कुनो आणि नौरादेही या जंगलांत नेऊन सोडलं.

आता अमेरिकेकडे जाऊ, कारण या खेळाचा पुढचा भाग तिथे आधीच खेळून झालाय. अमेरिकेच्या पश्चिमेला सरकारी गायरान आहे, ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट नावाच्या खात्याच्या ताब्यात. जवळजवळ २४.५ कोटी एकर, म्हणजे तीन महाराष्ट्र त्यात सहज बसतील. त्याच्या काही भागांवर मस्टँग म्हणजे रानटी घोडे फिरतात. स्पॅनिश लोकांनी आणलेल्या आणि पुढे सुटलेल्या घोड्यांचे ते वंशज. (रानटी घोडे आपल्याकडेही आहेत बरं का, आसाममध्ये डिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यानात.) एकेकाळी या घोड्यांना विमानं आणि ट्रकने दमवून पकडायचे आणि कुत्र्यांच्या खाण्यासाठी विकायचे. १९६१ चा 'द मिसफिट्स' हा मर्लिन मन्रोचा पिक्चर त्यावरच आहे. १९५० मध्ये नेवाडातली वेल्मा जॉन्स्टन नावाची एक सेक्रेटरी सकाळी ऑफिसला चालली होती. पुढच्या ट्रकमधून तिला रक्त गळताना दिसलं. तिने त्या ट्रकचा पाठलाग केला आणि आत घोडे कसे कोंबलेत ते स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. पुढची वीस वर्षं ती भांडत राहिली, शाळेतल्या मुलांकडून खासदारांना पत्रं लिहून घेतली. विरोधकांनी तिला चिडवायला 'वाईल्ड हॉर्स ॲनी' असं नाव ठेवलं, तेच तिने अभिमानाने लावलं. १९५९ मध्ये विमानं आणि मोटारींनी घोडे पकडायला बंदी आली, आणि १९७१ मध्ये घोड्यांना पूर्ण संरक्षण देणारा कायदा झाला.

कायदा झाला आणि घोडे वाढायला लागले. त्यांना खाणारं कोणी फारसं उरलेलं नव्हतं, त्यामुळे कळप वर्षाला १५ ते २० टक्क्यांनी वाढतो. कॅल्क्युलेटर काढा: २० टक्क्यांनी चार वर्षांत दुप्पट. मग १९७६ मध्ये नवीन कायद्याने खात्याला हेलिकॉप्टर वापरायची परवानगी दिली. तिथला हाका आपल्या बोमासारखाच, कापडाच्या भिंतींचं नरसाळं. एक गोष्ट मात्र खास अमेरिकन. नरसाळ्याच्या तोंडाशी एक शिकवलेला पाळीव घोडा धरून उभे राहतात. कळप जवळ आला की त्याला सोडतात, तो सरळ कोंडवाड्याकडे पळतो आणि घाबरलेला कळप त्याच्या मागे. लोक त्याला जुडास घोडा म्हणतात, येशूला पकडून देणाऱ्या यहूदाच्या नावावरून. वसईत हा संदर्भ समजावून सांगायची गरज नाही!

खात्याचं म्हणणं की पकडताना साधारण १ टक्का घोडे मरतात. विरोधक म्हणतात, लंगडी झालेली, आईपासून तुटलेली शिंगरं आणि नंतर मेलेले घोडे धरा, मग बोला. शिंगरं लहान असतात त्या काळात, म्हणजे मार्च ते जून, हेलिकॉप्टर वापरायचं नाही असा नियम आहे. आणि हा वाद लोकांना कळतो कसा? तर तिथे हाका बघायला लोकांना येऊ देतात. तारखा आधी जाहीर होतात, बघणाऱ्यांची जागा ठरवलेली असते. ती जागा फार लांब असते, कोंडवाडा दिसतच नाही, ही तिथल्यांचीही तक्रार. २०१० मध्ये लॉरा ली नावाच्या फोटोजर्नलिस्टने त्यावर केस केली. २०१२ मध्ये अपील कोर्टाने तिला सरसकट हक्क दिला नाही, पण खालच्या कोर्टाला बजावलं की सरकार लोकांना लांब ठेवतंय म्हणजे कारण खरंच आहे का ते नीट तपासा, सरकारने सांगितलं म्हणून मान्य करू नका. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. आम्हाला बांधावर अडवलं ते बरोबरच होतं. पण ऑपरेशनमध्ये अडथळा न आणता एखादा पत्रकार, एखादा स्वतंत्र व्हेटर्नरी डॉक्टर आणि गावचा एखादा माणूस कापडाच्या मागे उभा करता येणार नाही, असं तर नाही ना?

अमेरिकेचा खरा धडा पुढेच आहे. पकडलेल्या घोड्यांचं काय करायचं? काही लोक दत्तक नेतात, पण पुरेसे नाहीत. मारायचे नाहीत. म्हणून ते सरकारी कोंडवाड्यांत आणि भाड्याच्या कुरणांत ठेवलेत, ६० हजारांहून जास्त. आयुष्यभर त्यांचा चारा सरकारच्या माथी. कार्यक्रमाच्या बजेटचे साधारण दोन तृतीयांश पैसे नुसत्या सांभाळण्यावर जातात. आणि एवढं करूनही रानात २०२५ मध्ये घोडे आणि रानटी गाढवं मिळून सुमारे ७३ हजार जनावरं होतीच, खात्याने ठरवलेली मर्यादा त्याच्या जवळपास एक तृतीयांश. २०१३ मध्ये तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने सांगितलं की घोडे काढल्याने उरलेल्यांना जास्त चारा मिळतो आणि त्यांची वाढ जोरातच राहते. म्हणजे पकडणं हेच पुढच्या पकडण्याचं कारण! कंट्रोल सिस्टिम शिकलेल्यांना यात फीडबॅक लूप दिसेल. त्यावरचा उपाय, म्हणजे माद्यांना पिल्लं न होण्याचं इंजेक्शन, स्वस्त आहे पण संथ आणि कंटाळवाणा. त्यात हेलिकॉप्टर नाही, मग बातमी कशी होणार?

आपल्याकडे चित्र थोडं वेगळं आहे. कुनोमध्ये सप्टेंबर २०२२ पासून आणि गांधीसागरमध्ये एप्रिल २०२५ पासून चित्ते आहेत, आणि त्यांना शिकार लागते. काळवीट एवढा वेगात पळायला शिकला तो चित्त्यापासून वाचण्यासाठीच, असं मानतात. चित्ता देशातून संपल्याचं १९५२ मध्ये जाहीर झालं, काळवीट मात्र पळत राहिला. आता शाजापूरच्या शेतातला त्रास हा तिकडे चित्त्याचं जेवण होतो. हिशोब जमतो, आणि अमेरिकेसारखा चाऱ्याचा खर्चही नाही. तरी हरभऱ्यावर वाढलेल्या, कोल्ह्या-कुत्र्यापलीकडे शत्रू न बघितलेल्या त्या कळपातले किती एका वर्षानंतर तिथे टिकतात, आणि शाजापूरला मागे राहिलेले किती वेगाने वाढतात, हे दोन्ही आकडे मोजून छापायला हवेत. ९१३ हा आकडा सगळ्या पेपरांत आला, तसेच हेही यायला हवेत.

काळवीट शेतात पूर्वीसारखे दिसत नाहीत, असं मामांनी नंतर फोनवर सांगितलं. रोही मात्र आहेत तसेच. रोह्याचा नर दोनशे किलोच्या वर जातो, साडीच्या कुंपणाला विचारत नाही, आणि हाक्यात सापडले त्यांच्यात रोही फक्त ६७ होते. आफ्रिकेची माणसं आपल्या वनखात्याच्या टीमला शिकवून परत गेली आहेत, त्यामुळे पुढचा बोमा आपलीच माणसं लावतील. मामेभावाने तेव्हा मला बोलवायचं कबूल केलंय. या वेळी बांधावर नाही, कापडाच्या मागे उभं राहायची परवानगी मिळते का ते आधी लेखी अर्ज करून बघणार आहे.